जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग: बोनेटखाली जागा कशी काढायची

बोनेट उघडून टॉर्च मारल्यावर जी मोकळी जागा दिसते, ती थांबलेल्या इंजिनाची जागा असते. इंजिन चालू होऊन गाडी पहिल्या गिअरमध्ये चढाला लागली, स्टिअरिंग पार एका बाजूला वळलं आणि पुढचं चाक खड्ड्यात गेलं, की त्याच जागेचं माप बदलतं. जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. पंप बसतो, बॉक्स बसतो, बोनेटही लागतं, आणि महिन्याभरानं पट्टा फाटायला लागतो, होज खरचटतो किंवा वळणावर शाफ्ट कशाला तरी टेकतो. म्हणून या कामात पाना हातात घेण्याआधीचं मोजमाप हेच अर्धं काम आहे, आणि ते मोजमाप हलत्या गाडीचं हवं.

मी शिवाजी उद्यमनगरात जुन्या गाड्यांचं काम करतो. इथं हाकेच्या अंतरावर लेथ आहे, पुढच्या बोळात पॅटर्नमेकर आहे, त्याच्या पलीकडं फौंड्री. लोक बाहेरून मागवतात ते पुष्कळसे भाग कोल्हापुरात समोर बसून बनवून घेता येतात. हे या गावाचं मोठं बळ आहे. पण बनवता येतं म्हणून लगेच बनवायला घेऊ नका.

उदाहरणाला दोन गाड्या धरतो. एक १९६८ ची अ‍ॅम्बॅसिडर मार्क टू, ताराबाई पार्कातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची. गुरुजींचा खांदा दुखतो, गाडी मात्र विकायची नाही. त्यांची अट एकच होती, "गाडीला कुठं गॅस कटर लावायचा नाही." दुसरी कागलकडच्या एका शेतकरीदादांची महिंद्राची डिझेल जीप, पुढं रुंद टायर घातलेली. दोन्हींचं दुखणं सारखं वाटलं तरी औषध वेगळं आहे.

स्टिअरिंग जड का आहे ते आधी बघा

पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाकं हवेत असतानासुद्धा जड लागत असेल, तर दोष घर्षणाचा आहे. ग्रीस निपल बुजलेले असतात, किंगपिन (ज्यांच्यावर चाक वळतं त्या पिना) आवळलेल्या असतात, स्टिअरिंग बॉक्सचं अ‍ॅडजस्टमेंट कुणीतरी चाल काढायच्या नादात जास्त कसलेलं असतं. हे तसंच ठेवून वर पॉवर स्टिअरिंग बसवलं, तर मोटर किंवा पंप ते घर्षण झाकून टाकतो आणि आतले भाग गुपचूप झिजत राहतात.

चाकं हवेत हलकी आणि जमिनीवर जड, असं असेल तर टायरकडं बघा. अ‍ॅम्बॅसिडरला मुळात ५.९०-१५ चे अरुंद क्रॉसप्लाय टायर होते. त्याजागी रुंद रेडियल घातले आणि हवा कमी ठेवली, की उभ्या गाडीत चाक वळवणं कष्टाचं होतं. हवा योग्य करून, ग्रीस भरून, अलाइनमेंट बघून चार दिवस चालवा. काही गाड्यांचं काम इथंच भागतं. मला त्याचं वाईट वाटत नाही, जुनी गाडी जितकी कमी उघडावी तितकी बरी.

एवढं करूनही गरज राहिली, तर तीन वाटा आहेत. पट्ट्यावर फिरणारा हायड्रॉलिक पंप आणि त्याच्याबरोबर पॉवर रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) किंवा पॉवर बॉक्स (तेच काम करणारी गिअरची पेटी), ही पहिली. दुसऱ्या वाटेत हायड्रॉलिक तसंच, फक्त पंप विजेच्या मोटरवर चालतो आणि इंजिनापासून लांब, कुठंही ठेवता येतो. युरोपातले हौशी लोक त्यासाठी ओपेल अ‍ॅस्ट्राचा असा पंप वापरतात. तिसरी वाट म्हणजे डॅशबोर्डखाली कॉलमवरच, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरच, बसणारी विजेची मोटर. आपल्याकडं मारुती अल्टो आणि वॅगनआरमध्ये ही पद्धत आहे, आणि ते कॉलम उजव्या हाताच्या ड्रायव्हिंगचेच असल्यानं आपल्याला सोयीचे पडतात.

बोनेटखाली जागाच नसेल, तर पहिला विचार तिसऱ्या वाटेचा करा. तिथं पंप, होज, तेलाची टाकी, पुली काहीच लागत नाही. पण दोन गोष्टी तपासा. मार्क टू अ‍ॅम्बॅसिडरसारख्या गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगवर असतो आणि त्याचा रॉड कॉलमच्या लगत खाली जातो. कॉलमवरची मोटर आडवी बाहेर येते, ती नेमकी त्या रॉडला किंवा पेडलच्या ब्रॅकेटला अडते. युनिट कॉलमभोवती फिरवून मोटर रॉडच्या विरुद्ध बाजूला नेता येते का, हे पुठ्ठ्याच्या नमुन्यावर आधी बघा. दुसरी गोष्ट, कॉलमवरच्या मोटरचा सगळा जोर खालच्या जुन्या पिनियनमधून आणि रॅकच्या दातांमधून जातो. रॅक झिजलेली असेल तर आधी तिचं काम करा, मग पॉवरचं बोला.

गुरुजींच्या गाडीला आम्ही हीच वाट घेतली. त्यासाठी भंगारातून दुसरा कॉलम आणला आणि काटछाट त्याच्यावर केली. गाडीचा मूळ कॉलम ग्रीस लावून, कापडात गुंडाळून गुरुजींच्या ताब्यात दिला. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात हवी असेल, तर एका दिवसात परत बसेल.

जीपचं तसं नाही. तिथं रुंद टायर, डिझेल इंजिनाचं वजन, शेतातले रस्ते. छोट्या कारच्या कॉलमवरची मोटर त्या भारासाठी केलेलीच नसते. तिला हायड्रॉलिक इंटिग्रल बॉक्स लागतो, म्हणजे ज्याच्या पोटातच पिस्टन आणि व्हॉल्व्ह असतो. तो मूळ बॉक्सपेक्षा जाडजूड असतो. जागेची खरी मारामारी इथं सुरू होते.

लाकडी पंप आणि शाडूची माती

खरा पंप हातात धरून बोनेटखाली जागा शोधू नका. तो जड असतो, एका हातानं धरून दुसऱ्या हातानं माप घेता येत नाही. मी आमच्या पॅटर्नमेकरकडं जातो. फौंड्रीसाठी तो लाकडाचे नमुने करतो, त्यामुळं पंप बघून हुबेहूब लाकडी पंप करून देणं त्याला अवघड नाही. त्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते, "आप्पा, आकसण्याची सूट धरू नका." ओतकामात बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात तेवढी वाढीव असते. आपल्याला साध्या पट्टीचं माप हवं. लाकडी पंपाला पुलीची चकती आणि होजच्या जोडाच्या जागी लाकडी खुंट्यासुद्धा बसवून घ्या. पंप बसला आणि होजचा नट फिरवायला पाना जाईना, ही तक्रार फार ऐकू येते. खुंटी असली की ती अडचण आधीच कळते. पॅटर्नमेकर नसेल तर थर्माकोल किंवा पुठ्ठा चालेल, पण कोपरे झिजतात आणि माप फसवं होतं.

हा लाकडी पंप तारेनं किंवा टेपनं हव्या त्या जागी टांगा. मग माती.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात गणपतीच्या हंगामात शाडूची माती सहज मिळते. ती पाण्यात न मळता थोड्या तेलात मळून ठेवली की लवकर सुकत नाही. जिथं जिथं दोन वस्तू जवळ येतात असं वाटतं, तिथं या मातीचा गोळा चिकटवा: पंप आणि चासीच्या मध्ये, बॉक्स आणि इंजिनच्या मध्ये, शाफ्ट आणि एक्झॉस्टच्या मध्ये. लाकूड किंवा लोखंड जिथं टेकणार, तिथं गोळ्यावर तेलाचं बोट फिरवा, म्हणजे माती दुसऱ्या बाजूला उचलून जात नाही.

आता गाडी हलवायची. फिरणाऱ्या पट्ट्याजवळ आणि पंख्याजवळ या वेळी काही टांगलेलं राहू देऊ नका, तिथलं माप इंजिन बंद ठेवूनच घ्यायचं. बाकी ठिकाणी असं करा. एकानं गाडीत बसून हँडब्रेक ओढायचा, पाय ब्रेकवर घट्ट ठेवायचा, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच इतका सोडायचा की इंजिन ताणाखाली येईल. मग क्लच दाबायचा, रिव्हर्स टाकायचा, पुन्हा तेच. गाडीच्या पुढं आणि मागं कुणीही उभं राहायचं नाही, बघणाऱ्यानं बाजूनं बघायचं. त्यानंतर इंजिन बंद करून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवा, पुढचं चाक जॅकनं उचला आणि पूर्ण लोंबकळू द्या, मग खालच्या आर्मला जॅक लावून सस्पेन्शन वर दाबा, आणि प्रत्येक स्थितीत स्टिअरिंग पुन्हा फिरवा. शेवटी बोनेट लावून उघडा. आता मातीचे गोळे सुरीनं कापा आणि उरलेली जाडी व्हर्निअरनं मोजा. तुमची खरी जागा तेवढीच.

इंजिन कुठं झुकतं हे माहीत असलं की अर्धी चिंता मिटते. आपल्या जुन्या मागच्या-चाकाच्या गाड्यांत इंजिन उभं-लांब बसवलेलं असतं आणि पुढून बघितलं तर क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. जोर लागला की इंजिनाचा धड उलट दिशेनं कलतो, म्हणजे वरचा भाग गाडीच्या उजव्या अंगाला जातो. आपली गाडी उजव्या हाताची, स्टिअरिंगचा शाफ्ट उजवीकडं. म्हणजे चढावर दामटताना इंजिन बरोबर शाफ्टकडंच येतं! अमेरिकेतल्या डाव्या हाताच्या गाड्यांची मापं वाचून इथं काम करणाऱ्यानं हे आधी ध्यानात घ्यावं. रबरी माउंटिंग जुनी असतील तर कलणं आणखी वाढतं. म्हणून मातीची परीक्षा करण्याआधी माउंटिंग नवी घाला. पुष्कळदा तिथंच बोटभर जागा सापडते, कारण बसलेल्या रबरामुळं इंजिन एका अंगाला खाली उतरलेलं असतं.

माझे आकडे असे आहेत. इंजिनावर बसलेली वस्तू आणि बॉडीला धरलेली वस्तू यांच्यात, इंजिन स्थिर असताना, एक इंच मोकळा हवा. दोन्ही वस्तू इंजिनावरच असतील, किंवा दोन्ही चासीवर, तर दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुरे, कारण त्या बरोबरच हलतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चार सूत. पंख्याच्या पात्यांपासून एक इंच. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून तीन इंच, आणि तेवढे मिळत नसतील तर मध्ये पत्र्याचा आडोसा. दाबाखालची माती मात्र किमान दोन सूत उरली पाहिजे. त्याखाली मी काम हातात घेत नाही.

जागा कुठून काढायची

इथं क्रम महत्त्वाचा आहे. ज्यानं गाडीचं नुकसान होत नाही आणि जे परत फिरवता येतं, ते आधी.

सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे तेलाची टाकी वेगळी करणं. काही पंपांच्या अंगावरच टाकी असते, ते पंप फुगीर असतात. टाकी वेगळी असलेला छोटा पंप घेतला की जागेचा अर्धा प्रश्न सुटतो. टाकी नंतर कुठंही लावा, फक्त पंपाच्या वरच्या पातळीला हवी आणि पंपाकडं येणारी नळी आखूड व जाड हवी. पंपाला तेल ओढताना त्रास झाला की तो रडायला लागतो.

मग डायनॅमो. अ‍ॅम्बॅसिडरच्या बीएमसी बी-सीरिज इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या अंगाला आहेत, आणि डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर, तेलाचा फिल्टर उजव्या अंगाला. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत ही मांडणी भाग्याची आहे, कारण शाफ्ट एक्झॉस्टच्या तापापासून लांब राहतो. पण उजव्या अंगाला गर्दी होते. लुकासचा जुना डायनॅमो लांबट नळकांड्यासारखा असतो. त्याजागी छोट्या कारचा आल्टरनेटर घातला तर लांबीत बरीच जागा सुटते आणि वीजही वाढते. गुरुजींच्या गाडीत हे वीज वाढवण्यासाठी करावंच लागलं, त्याचं पुढं सांगतो. तेलाचा फिल्टर आड येत असेल तर अ‍ॅडॉप्टर घालून तो दुसरीकडं नेता येतो. बॅटरीचा ट्रे हलवणं मला त्यानंतरचं वाटतं, कारण केबल लांबवाव्या लागतात.

रेडिएटर आणि पुलीच्या मध्ये जागा कमी असेल तर इंजिनावरचा पंखा काढून विजेचा पातळ पंखा लावा. दोन-तीन इंच सुटतात. शक्यतो रेडिएटरच्या मागून हवा ओढणारा घ्या. पुढून ढकलणारा पंखा जाळीची हवा स्वतःच अडवतो, त्यामुळं मागे जागा नसेल तरच तो.

इंजिन वर उचलणं किंवा माउंटिंगखाली पॅकिंग घालणं मी शक्यतो टाळतो. दोन-तीन सूत उचललं तरी प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, रेडिएटरच्या होज ताणतात, बोनेट एअर फिल्टरला लागतं. ऑइल सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) खाच मारणं त्याहून वाईट, आतली जाळी आणि तेलाची पातळी दोन्ही बिघडतात. अगदी नाइलाज असेल तर सम्प उतरवून, आतला पिकअप कुठं आहे ते बघून, मगच.

जीपमध्ये आम्हाला बॉक्स चासीच्या बाहेरच्या अंगाला दीड इंच सरकवून जागा मिळाली. त्यासाठी चासी आणि बॉक्सच्या मध्ये ८ मिमीच्या प्लेटचं पेटीसारखं ब्रॅकेट केलं आणि चासीच्या आरपार जाणाऱ्या बोल्टभोवती नळ्या घातल्या, म्हणजे बोल्ट कसल्यावर चासी चिपत नाही. स्टिअरिंग बॉक्स चासीला पिळतो, नुसती एक पट्टी वेल्ड करून तो कधीच टिकत नाही, तिथं काही दिवसांत चासीलाच तडा जातो.

पुली आणि पट्टा

एकाच पट्ट्यावर वॉटर पंप, आल्टरनेटर आणि स्टिअरिंगचा पंप तिन्ही फिरवायचा मोह होतो. करू नका. पट्ट्याचा वॉटर पंपाच्या पुलीला पडणारा वेढा कमी होतो, तो घसरतो आणि इंजिन तापतं. क्रँकला दुसरी खाच असलेली पुली लेथवर करून घ्या. ए-सेक्शनच्या दोन खाचांत १५ मिमी अंतर असतं, म्हणजे पुली पुढं तेवढी वाढते. ते तेवढं रेडिएटरच्या खालच्या होजला आणि पुढच्या आडव्या मेंबरला चालतंय का बघा. जुन्या गाडीत हँडल मारायची सोय असेल तर ते भोक बुजवू नका.

दोन्ही पुल्या एका रेषेत हव्यात. सरळपट्टी लावून बघा, दीड मिमीपेक्षा जास्त फरक चालणार नाही. पंपाच्या पुलीचा व्यासही मूळ गाडीच्या प्रमाणात ठेवा. जागेसाठी पुली लहान केली तर हायवेला पंप गरजेपेक्षा जास्त फिरतो, आणि मोठी केली तर गाडी लावताना, म्हणजे नेमकं हवं तेव्हा, हलकेपणा मिळत नाही. ब्रॅकेट इंजिनाच्या आधीच्या बोल्टांवर धरा, आणि किमान तीन ठिकाणी. दोन बोल्टांचं ब्रॅकेट थरथरतं आणि पट्टा उडवतं.

रॅकची जागा ढळू द्यायची नाही

बोनेटखाली काहीही इकडं-तिकडं करा, पण रॅकची उंची आणि तिच्या दोन आतल्या सांध्यांमधलं अंतर बदलू नका. या कामातली हीच गोष्ट मी सगळ्यात जोरानं सांगतो. सस्पेन्शन वर-खाली होताना टाय-रॉड (रॅकपासून चाकाकडं जाणारा दांडा) एका चापात फिरतो आणि खालचा आर्म त्याच्या चापात. दोघांचे चाप जुळलेले असतील तर चाक सरळ राहतं. पॉवर रॅक एक इंच वर बसवली, किंवा ती रुंदीला जास्त निघाली, की खड्ड्यात चाक आपणहून वळतं. गाडी गावात ठीक वाटते आणि हायवेला खड्ड्यावरून जाताना हातातून निसटते. रॅक जिथं बसायला हवी तिथं बसत नसेल, तर ती रॅक त्या गाडीची नव्हे. दुसरी शोधा, किंवा मूळ रॅक ठेवून कॉलमवर मदत द्या.

तपासायचं असं. स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा भार काढा, चाकाच्या हबला सपाट पाटी बांधा, समोर भिंतीला पुठ्ठा लावा आणि सस्पेन्शन वर-खाली करत चाकाचा टो (आत-बाहेर वळलेपण) किती बदलतो ते पेन्सिलीनं काढत जा. रेघ सरळ आली पाहिजे.

शाफ्ट इंजिनाला किंवा आल्टरनेटरला चुकवून न्यायचा असेल तर युनिव्हर्सल जॉइंट वापरा. एका जॉइंटला ३० अंशांपेक्षा जास्त कोन देऊ नका. दोन जॉइंट असतील तर त्यांचे काटे एकाच पातळीत ठेवा आणि दोन्ही कोन सारखे ठेवा, नाहीतर स्टिअरिंग फिरवताना एकदा हलकं, एकदा जड लागतं. तीन जॉइंट लागले तर मधल्या शाफ्टला बेअरिंगचा आधार द्यावाच लागतो, नाहीतर तो मध्येच वाकायला बघतो. शाफ्ट जोडायचा असेल तर स्प्लाइन किंवा डी आकाराचे जोड घ्या. चौकातल्या वेल्डरकडून टोकाला टोक लावून वेल्ड केलेला स्टिअरिंग शाफ्ट मी गाडीत ठेवत नाही, मालकानं कितीही सांगितलं तरी.

ताप आणि तेल

पॉवर स्टिअरिंगचं तेल मॅनिफोल्डवर सांडलं तर पेट घेऊ शकतं. म्हणून होजची वाट हा जागेचाच प्रश्न समजा. पंपाकडून बॉक्सकडं जाणाऱ्या होजमध्ये ८० बारच्या आसपास दाब येऊ शकतो. साधी रबरी नळी आणि क्लिप तिथं चालत नाही. हायड्रॉलिकच्या दुकानात क्रिम्प केलेली होज करून घ्या आणि वळण किती आखूड चालेल ते त्या होजच्या कोष्टकात बघा. वळण त्याहून आखूड घ्यावं लागत असेल तर तेवढ्या भागात स्टीलची पाइप वाकवून घाला आणि होज फक्त तिथं ठेवा जिथं इंजिन आणि चासीमध्ये हालचाल आहे. होजला थोडी ढील हवी, इंजिन कलल्यावर ती ताणता कामा नये.

एक्झॉस्टजवळ आडोसा घालायचा तर १ मिमीचा स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हवा. पत्रा थेट होजला चिकटवला तर तोच तव्यासारखा तापतो.

विजेच्या मोटरला हा त्रास नाही, पण तिला करंट लागतो. उभ्या गाडीत पूर्ण वळवताना कॉलमवरची मोटर ४० अँपिअरहून जास्त ओढू शकते. लुकासचा सी-४० डायनॅमो पूर्ण जोरात २२ अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. महाद्वार रोडला गाडी लावताना आपण आयडलिंगलाच असतो! म्हणून ६० अँपिअरचा तरी आल्टरनेटर घ्या, बॅटरीपासून वेगळी जाड तांब्याची केबल, तिच्यावर युनिटला मूळ असलेल्याच मापाचा फ्यूज, आणि इंजिनाची अर्थिंग पट्टी नवी. जुन्या ब्रिटिश गाडीची अर्थिंग पॉझिटिव्ह असेल तर आधी निगेटिव्ह करून घ्या, नाहीतर कंट्रोलर जळतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत. काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला कळवा. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची नोंद व्हिंटेज म्हणून करायची असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ती मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. गुरुजींची गाडी त्या वयाची आहे. गॅस कटर न लावण्याची त्यांची अट यासाठीही बरोबर होती. आणि काही गाड्यांना हात लावूच नये. दसऱ्याला आपल्या दसरा चौकात येणाऱ्या छत्रपतींच्या मेबॅकसारखी गाडी जशी घडली तशीच राहावी.

चालवून बघणं

हायड्रॉलिक असेल तर आधी हवा काढा. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, टाकी भरत भरत स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन चालू करून पुन्हा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो.

जिथं जिथं जागा कमी आहे तिथं पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. गाडी आधी राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये न्या, रिव्हर्समध्ये पूर्ण वळवून बघा, इंजिन डावीकडं झुकतं ते तिथं. मग वाघबिळावरून पन्हाळ्यापर्यंत चढवा, वळणांवर मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये जोर द्या. वर तबकाजवळ थांबून बोनेट उघडा. ठिपका पुसलेला किंवा खरवडलेला दिसला, तर त्या जागी काहीतरी टेकतंय. होजच्या जोडांवर हात फिरवून ओल बघा, ब्रॅकेटचे बोल्ट गरम असतानाच पान्यानं तपासा, पट्टा अंगठ्यानं दाबून बघा. लांब भागात १० ते १२ मिमी दबला पाहिजे. उतरताना वळणानंतर हात सैल सोडून स्टिअरिंग आपणहून मधोमध येतंय का बघा. येत नसेल तर कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं कललेला कोन) वाढवून घ्या, पॉवर आल्यावर ते हाताला जड लागत नाही. ५०० किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट आणि ठिपके परत एकदा बघून मगच गाडी मालकाला पूर्ण सोडा.